ओढवाट

बेल्जियमच्या उत्तर भागात, फ्लँडर्समध्ये, कालव्याच्या कडेने जाणाऱ्या वाटेला 'याखपट' म्हणतात. 'पट' म्हणजे पायवाट. 'याखन' या डच क्रियापदाचे अर्थ शिकार करणे, पाठलाग करणे आणि जनावर हाकणे. ब्रुग्ज शहरातून डामे गावावरून नेदरलँड्समधल्या स्लाउसकडे जाणारा कालवा नेपोलियनच्या हुकमाने 1811 च्या सुमारास खोदायला घेतला होता. त्याच्या दोन्ही काठांवर समुद्राकडच्या वाऱ्याने एका बाजूला कललेले उंच पॉप्लर आहेत. या काठाने सायकलवरून जाताना ना चढ लागतो, ना मागून मोटारीचा भोंगा ऐकू येतो. अशा शांत वाटेला शिकारीच्या क्रियापदावरून नाव का पडावे?

नाव पडले ते घोडा हाकणाऱ्यावरून. इंजिने येण्यापूर्वी नाव ओढायला घोडा लागे. तो काठाने चाले, लांब दोर नावेच्या डोलकाठीला बांधलेला असे आणि घोड्यावर किंवा त्याच्या बाजूला एक पोऱ्या असे. त्या पोऱ्याला 'याखर' म्हणत, म्हणजे हाकणारा. तो ज्या वाटेने हाकी ती याखपट. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'यॉट' हा शब्दही याच कुळातला. पाठलाग करणाऱ्या वेगवान जहाजाला डच लोक 'याख्ट' म्हणत.

डच भाषेत ओढण्याला 'ट्रेकन' म्हणतात आणि घोड्याने ओढलेल्या प्रवासी नावेला 'ट्रेकस्खाउट'. सतराव्या शतकात हॉलंडने अशा नावांसाठी सरळ रेषेत कालवे खोदले. हार्लेम ते अ‍ॅमस्टरडॅम हा कालवा 1632 साली खुला झाला आणि 1657 साली हार्लेम लायडनशी जोडले गेले. नावा ठरलेल्या वेळी सुटत आणि ताशी सुमारे 7 किलोमीटर वेगाने जात. हार्लेमच्या वाटेवर हाफवेख नावाचे ठिकाण आहे. त्या नावाचा अर्थच 'अर्धी वाट'. पाण्याची पातळी सांभाळणारी मंडळे तिथला बांध फोडू देईनात, म्हणून प्रवासी तिथे उतरत, थोडे चालत आणि पलीकडच्या नावेत बसत.

सायकलस्वाराला आज जे सुख मिळते त्याची कारणे या ओढण्यात आहेत. ताणलेल्या दोराला आडकाठी चालत नाही, म्हणून वाट आणि पाणी यांच्यामध्ये झाड किंवा भिंत ठेवत नसत. वळणावर दोर काठाला घासू नये म्हणून 'रोलपाल' रोवत. हा फिरत्या रुळाचा उभा खांब, त्याच्यावरून दोर सरकत जाई. पाणी सपाट असते, म्हणून त्याच्या कडेची वाटही सपाट झाली. पूल आला तर वाट बहुधा त्याच्या खालूनच काढत, कारण दोर सोडून पुन्हा बांधायला वेळ जाई. मोटारीला बंदी असलेला, चढाशिवायचा आणि चौकाशिवायचा हा रस्ता सायकलीसाठी कुणी आखला नव्हता. घोड्याच्या गरजेतून तो तयार झाला, आणि नावांना इंजिने बसल्यावर मोकळा पडला.

बाकीच्या युरोपातही या वाटेची नावे ओढण्याची किंवा दोराचीच आहेत. जर्मन लोक तिला 'लाइनफाड' म्हणतात. 'लाइन' म्हणजे दोर, आणि तो शब्द जवसाच्या नावावरून आला, कारण दोर जवसाच्या धाग्याचे वळत. आपण रांगेला 'लाईन' म्हणतो, त्याचेही मूळ लॅटिनमधला जवसाचा धागाच. फ्रेंच नाव आहे 'शमँ द आलाज', म्हणजे ओढण्याची वाट. फ्रान्समध्ये तर कायद्यानेच तिची रुंदी ठरवून दिली. 1669 च्या राजाज्ञेने नौकानयनाच्या नद्यांच्या काठाने 24 फ्रेंच फूट जागा मोकळी ठेवण्याचे बंधन जमीनमालकांवर घातले. आजच्या फ्रेंच कायद्यात तीच जागा 7.80 मीटर म्हणून लिहिलेली आहे. इंग्रजीत रानवाटेला 'ट्रेल' म्हणतात. तोही शब्द लॅटिनमधल्या ओढण्याच्या धातूपासून निघाला. 'ट्रेन'सुद्धा त्याच धातूची. नेदरलँड्समधली पहिली ट्रेन 1839 साली धावली ती अ‍ॅमस्टरडॅम आणि हार्लेम यांच्यामध्येच, आणि ओढलेल्या नावांचे दिवस तिथून सरू लागले.

पण ओढणारा दर वेळी घोडाच नसे. ज्याला घोडा परवडत नसे त्या नावाड्याच्या घरातली माणसे स्वतःला जुंपून घेत. बायको आणि मुले छातीवरून रुंद पट्टा घेऊन काठाने पुढे वाकून चालत, आणि तो स्वतः सुकाणू धरी. फ्लँडर्स आणि हॉलंडमध्ये हे विसाव्या शतकातही चालू होते. त्या पट्ट्याला आणि दोराला डच शब्द 'झेल', जर्मन शब्द 'झाइल'. या शब्दापाशी मी थांबतो, कारण त्याचा सख्खा भाऊ आपल्या घरात आहे. बांधणे या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून 'झाइल' आला, त्याच धातूपासून संस्कृतात 'सेतु' आला. संस्कृतात सेतूचे अर्थ बंधन, बांध आणि पूल असे तिन्ही आहेत. छातीवर पट्टा घेऊन चालणाऱ्या त्या बाईचा दोर आणि समुद्रावर बांधलेला सेतू, दोन्ही शब्द बांधण्याच्या एकाच कल्पनेतून आले.

आपल्या उपखंडातही नावा दोराने ओढल्या जात, आणि त्या दोरासाठी शब्दही होता. संस्कृतात 'गुण' शब्दाचा जुना अर्थ दोरीचा पेड किंवा दोरी. म्हणून धनुष्याची दोरी हाही गुणच, आणि अमरकोशात डोलकाठीला 'गुणवृक्षक' म्हटले आहे. बंगालीत आजही काठाने नाव ओढण्याला 'गुण टाना' म्हणतात. मराठीने मात्र गुणातली दोरी सोडली. आपल्याकडे गुण स्वभावाचे असतात, औषधाचे असतात, परीक्षेतले असतात. 'दुप्पट'च्या अर्थाने 'द्विगुणित' म्हणताना तेवढे दोन पेड शिल्लक राहतात.

मराठीने ही दोरी का सोडली असावी, याचे उत्तर आपल्या कालव्यांत शोधता येते. 'कालवा' हा शब्द कन्नडच्या 'कालुवे'शी जोडलेला आहे, आणि त्याच्या भोवतीचा आपला शब्दसंसार शेताचा आहे: पाट, चारी, पाण्याची पाळी, पाळीवर लक्ष ठेवणारा पाटकरी. खडकवासल्याहून निघालेला मुठा कालवा असो की नीरेचा, त्यांतले पाणी पिकाकडे निघालेले असते. दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात आटतात आणि पावसाळ्यात उसळतात, त्यांच्या काठाने नाव ओढत दूरचा प्रवास करणे कठीण. म्हणून पाटाच्या भरावावरची वाट आपल्याकडे आहे, पण तिला नावेच्या दोराची आठवण नाही.

तरीही तो डच दोर आपल्यापर्यंत एका लांबच्या वाटेने पोचला. दक्षिण आफ्रिकेत गेलेले डच शेतकरी बैलगाड्यांच्या प्रवासाला 'ट्रेक' म्हणत, कारण बैल ती गाडी ओढत. 1830 च्या दशकात त्यांनी केप सोडून आतल्या मुलखात मोठे स्थलांतर केले, आणि इंग्रजीने तो शब्द उचलला. तिथून तो सह्याद्रीत आला. राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाला 'ट्रेक'ला निघालेली मुले जो शब्द वापरतात, त्याचे कुळ हॉलंडच्या कालव्यावरच्या ट्रेकस्खाउटचे आहे. सपाट पाण्याकाठी ओढण्यासाठी वापरला जाणारा शब्द आपल्याकडे डोंगर चढण्यासाठी रुळला.

आता उरली सायकल. हा शब्द ग्रीक 'किक्लोस'वरून आला, म्हणजे संस्कृत 'चक्रा'चा आणि आपल्या 'चाका'चा तो नातलग. इंग्रजी 'व्हील' आणि डच 'वील'ही त्याच घरातले. पण डच लोक रोजच्या बोलण्यात सायकलला 'फीत्स' म्हणतात, आणि हा शब्द कुठून आला यावर विद्वानांचा वाद आहे. 2012 साली गेंट विद्यापीठातले भाषाभ्यासक गुन्नार द बूल यांनी त्याचे मूळ जर्मन बोलींतल्या 'फित्सं-फेर्ड' या शब्दात दाखवले. त्याचा अर्थ 'बदली घोडा', आपल्या दफ्तरी भाषेत 'नायब घोडा'. व्युत्पत्तीचा निकाल अजून लागलेला नाही, पण इतिहासाच्या अंगाने हा अर्थ चोख बसतो. कार्ल ड्राइसने 12 जून 1817 रोजी मानहाइमहून आपली दोनचाकी लाकडी गाडी पायांनी ढकलत नेली, ती ऱ्हाइनच्या सपाट खोऱ्यातच. घोड्यावाचून जाता यावे हाच त्या गाडीचा हेतू होता. पुढे याखपटावरून खरा घोडा गेला तेव्हा त्याच्या जागी चालायला हा नायब तयार होता.

ओढण्याची वाट म्हणून तिला मराठीत नाव द्यायचे तर मी 'ओढवाट' म्हणेन. 'नदीकाठचा सायकल ट्रॅक' असे म्हटले की फक्त आजचा उपयोग कळतो, ती वाट सपाट का आहे आणि मोकळी का आहे ते कळत नाही. 'ओढवाट' म्हटले की घोडा, पोऱ्या आणि छातीवर पट्टा घेतलेली बाई यांचे श्रम शब्दात येतात. शिवाय मराठीत 'ओढ' ओढण्यालाही म्हणतात आणि मनाच्या आकर्षणालाही, आणि 'ओढा' म्हणजे वाहते पाणी. तिन्ही अर्थ या वाटेला लागू पडतात. आपल्या कालव्यांच्या भरावांवर अशा वाटा करण्याचा विचार कधी झाला, तर आराखड्यावर हा शब्द लिहावा, आणि भरावाची माती वाहिलेल्या माणसांचीही त्यात आठवण ठेवावी.