बाराबंदीचे बारा बंद

संक्रांत जवळ आली की सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेची लगबग सुरू होते. सातही नंदीध्वजांचे सराव सुरू होतात आणि पेठेतल्या दुकानांत पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या लटकू लागतात. चार वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने अशीच एक तयार बाराबंदी आणली. मी ती उलटीपालटी करून पाहिली. बाहेरून आठ बंद, तेही शोभेचे. छातीवरचे पान बसवायला आतून चार टिचबटणं.
"अरे, हे बंद बांधायचे नाहीत का?" मी विचारलं.
"ते नुसते दिसायला असतात, आत्या."
तो जे म्हणाला ते त्या कपड्यापुरतं खरंच होतं. पण बाराबंदीचं नाव तिच्या बंदांवरून पडलेलं आहे. ते बारा बंद नेमके कुठे असतात आणि कोणत्या क्रमाने बांधतात, हे मलाही सांगता येईना. या लेखाची सुरुवात तिथून झाली.

मी इतिहासाची पदवीधर नाही. तीस वर्षं एका सहकारी बँकेत रोखपाल म्हणून काम केलं. शिवण आईकडून शिकले, आणि जुन्या कपड्यांचं वाचन सुट्टीच्या दिवशी, मिळेल ते पुस्तक घेऊन. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला शिलाई मशीन असतं. पाहुणे आले की ते उचलायचं, गेले की पुन्हा मांडायचं. गोधड्या शिवणं, शाळेच्या संमेलनांसाठी मावळ्यांचे आणि पेशवाईतल्या बायकांचे पोशाख करून देणं, आणि जमेल तेव्हा संग्रहालय पाहणं, या तीन नादांत माझे रविवार गेले. पुण्याला जायचं तर पहाटे भाकरी-चटणी बांधून हुतात्मा एक्स्प्रेस गाठायची आणि संध्याकाळी तिनेच परत यायचं. सोमवारी दहाच्या आत काउंटरवर.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला माझ्याकडे एक वस्तू होती. आमच्या आजोबांची बाराबंदी. ते नंदीध्वज पेलत, त्यांच्यानंतर आप्पा, म्हणजे माझे वडील. ती बाराबंदी पत्र्याच्या ट्रंकेत मलमलीच्या धडप्यात, वेखंडाच्या तुकड्यांसह ठेवलेली होती. आईने ती ठेवण्याआधी खळ धुऊन काढली होती. खळीला कसर लागते, हे तिला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

कपडा टेबलावर पसरला आणि आधी फक्त मोजमाप केलं. पाठीचं पान एकसंध, २२ इंच रुंद, आणि त्याच्या दोन्ही कडांना कापडाची मूळ किनार शाबूत. म्हणजे शिंप्याने रुंदीत कात्री लावलेलीच नव्हती. मागाचा पन्हा हीच पाठीची रुंदी. किनार उसवत नाही, त्यामुळे बाजूची शिवण आतून दुमडायचीही गरज पडलेली नाही. बाही सरळ पट्टीची. आजच्या सदऱ्याला असतो तसा मुंढ्याचा गोल कुठेच नाही. गोल कापला की तुकडे वाया जातात. त्याऐवजी काखेत तिरपा चौकोनी तुकडा, चौबगला. हात वर उचलला की तो उलगडतो आणि बाजूची शिवण ताणली जात नाही. उंच काठी तोलून धरणाऱ्या माणसाला याची किती गरज असेल, हे वेगळं सांगायला नको.

कापडाशी वागण्याच्या या पद्धतीचा एक मोठा पुरावा एकोणिसाव्या शतकात जमा झाला, तोही वेगळ्याच हेतूने. जॉन फोर्ब्ज वॉटसन हा मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत राहून गेलेला गृहस्थ. पुढे लंडनमध्ये त्याने भारतीय कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले आणि १८६६ साली त्याचे २० संच तयार केले. १३ संच ब्रिटनमध्ये राहिले, ७ भारतात आले. हेतू सरळ व्यापाराचा होता. भारतीय माणूस काय नेसतो ते कळलं, तर तसं कापड गिरणीत काढून त्याला विकता येईल. पण व्यापारासाठी का होईना, त्याने एक भेद नीट ओळखला. भारतातलं कितीतरी वस्त्र मागावरून उतरतं तेच पूर्ण असतं. लुगडं, धोतर, उपरणं, पागोटं यांना शिंपी लागतच नाही. दुसरा प्रकार कापून शिवायच्या कपड्याचा. आमची बाराबंदी दुसऱ्या प्रकारातली खरी, पण वृत्तीने पहिल्याच्या जवळची. कात्री लागली आहे ती अगदी नाइलाजाने.

आता बंद. मी मोजले तर दहाच भरले. बाहेरच्या पानाला चार जोड्या, गळ्यापासून कमरेपर्यंत, डाव्या बाजूला. आत एक जोडी, उजव्या कमरेपाशी. बारा का नाहीत? मी मनाशी ठरवून टाकलं की 'बारा' हा नुसता बोलण्याचा आकडा असावा, आणि तसं टिपणही केलं. घाईत लिहिलेलं ते पहिलं टिपण.

मग चित्रं पाहू लागले. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये 'विट्सेन आल्बम' आहे. १६८६च्या सुमारास गोवळकोंड्याकडच्या शैलीत काढलेली दख्खन आणि मोगल दरबारच्या पुरुषांची चित्रं त्यात आहेत, आणि त्यांत शिवाजी महाराजांचंही एक आहे. अंगात तलम कापडाचा लांब जामा, कमरेला पटका. आपण शाळेच्या मुलाला मावळा म्हणून जो आखूड कपडा घालतो त्याच्याशी या जाम्याचा घोळ करू नये. जामा लांब, घेरदार आणि दरबारचा. बाराबंदी कमरेखाली जेमतेम उतरणारी, राबणाऱ्या माणसाची. छातीवर एकावर एक येणारी दोन पानं आणि बटणाऐवजी बंद, इतकं मात्र दोन्हींत समान आहे.

जामा कोणत्या बाजूला बांधला आहे यावरून मोगल चित्रांतला माणूस ओळखण्याची अभ्यासकांची एक रीत आहे. हिंदू डाव्या काखेखाली बांधत, मुसलमान उजव्या. या खुणेच्या नादात मी एकदा चांगलीच फसले. एका पुस्तकातलं चित्र पाहून उलट्या बाजूच्या बंदांबद्दल मी पानभर तर्क लढवला होता. महिनाभराने त्याच चित्रातली तलवार उजव्या कमरेला दिसली आणि डोक्यात प्रकाश पडला. छापताना चित्र उलटं छापलं गेलं होतं. तेव्हापासून कोणतंही चित्र पाहताना मी आधी तलवार आणि कट्यार कुठे आहे ते पाहते आणि मग बंदांकडे वळते.

पण चित्राची खरी मर्यादा वेगळीच आहे. १७९२ साली जेम्स वेल्सने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं जे मोठं चित्र रंगवलं, ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. वेल्स असो की दख्खनचा चितारी, तो वरचं पान रंगवतो. खालचं पान, आतली गाठ, काखेतली शिवण त्याच्या नजरेसमोरच नसते.

म्हणून संग्रहालयं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय मी किती वेळा पाहिलं याची गणती नाही. दिनकर गंगाधर केळकर, कवितेतले 'अज्ञातवासी', यांनी अडकित्ते, दिवे, वाद्यं, वस्त्रं अशा घरगुती वस्तू गोळा केल्या, संग्रहाला लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं, आणि १९६२ साली तो महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. नवऱ्याच्या आजारपणातून उठल्यावर आम्ही दोघं अहमदाबादलाही गेलो. तिथलं कॅलिको संग्रहालय गौतम आणि गिरा साराभाई या भावाबहिणीने १९४९ साली उभं केलं. आधी नाव नोंदवावं लागतं आणि फोटो काढता येत नाहीत. पाहायचं आणि डोक्यात ठेवायचं. तिथून बाहेर पडल्यावर मी रिक्षात बसून वहीत रेघोट्या ओढत होते आणि हे शेजारी बसून आठवत होते, "गळ्याजवळ तिरकी पट्टी होती बघ."

कपड्यांच्या दालनांत उजेड मंद का असतो, हे लोक नेहमी विचारतात. प्रकाशाने तंतू आणि रंग दोन्ही खराब होतात आणि ते नुकसान भरून येत नाही, ते साठतच जातं. म्हणून वस्त्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देऊ नये असा दंडक आहे. कारण पटतं, पण त्या उजेडात काचेपलीकडच्या अंगरख्याची आतली शिवण कशी दिसणार? एका संग्रहालयात मी काचेला कपाळ टेकवून उभी होते. पहारेकरी दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "बाई, काय हरवलंय का?"

घरी परतल्यावर मोह झाला. काचेमागचा कपडा पाहता येतो पण उघडता येत नाही. आपल्याकडचा तर उघडता येतो! ओळखीच्या शिंपीमास्तरांनी तेच सुचवलं. "ताई, उसवल्याशिवाय बेत कळत नाही. मी परत शिवून देतो, कळणारसुद्धा नाही." उसवायची कातर हातात घेतली होती. पण दोऱ्याची जुनी भोकं, वळण, गाठी हाच तर पुरावा. उसवून पुन्हा शिवली तर ती आजोबांची बाराबंदी राहील, पण कोणी कशी शिवली हे सांगणारी राहणार नाही.

तेवढ्यात दादाने वेगळाच विषय काढला. यात्रेत मुलाने आजोबांचीच बाराबंदी घालावी, असं त्याच्या मनात होतं. मी नाही म्हटलं. घाम, तेल, गर्दी, खांद्यावरचा भार. एका दिवसात काखा फाटतील. तो चिडला. "ट्रंकेत ठेवायला शिवलीय का ती? तुझं संग्रहालय झालंय नुसतं." मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. आप्पा तेव्हा ८४ वर्षांचे होते. ते ऐकत होते, बोलले काहीच नाहीत.

मधला मार्ग मी काढला. कपडा न उसवता प्रत्येक तुकड्याच्या कडेकडेने दोरा ठेवून लांबी घेतली, ती कागदावर उतरवली, आणि मांजरपाटाची नक्कल बेतली. ३६ इंच पन्ह्याच्या कापडात पाठ कापल्यावर १४ इंचांची पट्टी उरली. तिच्यात बाह्या आणि चौबगले अलगद बसले. दहा बंद लावले, जसेच्या तसे.

एका रविवारी ती भाच्याच्या अंगात घातली आणि आप्पांना म्हटलं, "तुम्ही बांधा." काठी बाजूला ठेवून ते उभे राहिले. डावं पान आत घेतलं, आणि त्यांचा हात थेट मुलाच्या उजव्या काखेत गेला. तिथे चाचपत राहिला.
"अगं, इथला बंद कुठं गेला?"
"मूळ बाराबंदीत नाहीये, आप्पा."
"असं कसं? हा आधी बांधायचा. हा नाही बांधला तर आतलं पान खाली येतं. मग कमरेचा. मग बाहेरचे, वरून खाली."

ट्रंक पुन्हा उघडली. भिंग लावून पाहिलं. उजव्या काखेतला चौबगला मशीनच्या टिपेने बसवलेला होता. बाकी सगळी शिवण हाताची. म्हणजे तो तुकडा कधीतरी फाटून बदलला गेला होता, आणि त्या शिवणीतला बंद त्याच वेळी गेला. जोडीदार उरला तो आतल्या पानाच्या कडेला, एकटा, निरुपयोगी. तोही कुणीतरी कापून टाकला असावा. कडेवर, जिथे असायला हवा तिथेच, सुईची भोकं होती. आतल्या दोन जोड्या, बाहेरच्या चार. बारा भरले.

एका कपड्यावरून सगळ्या महाराष्ट्राच्या बाराबंदीचा नियम सांगता येत नाही. पण चित्रांत आणि काचेमागे बंद कमी का दिसतात, याचं या एका कपड्यापुरतं उत्तर मिळालं. त्यातले चार आत असतात. आणि बांधण्याचा क्रम तर मला कुठल्याच वस्तूत दिसला नसता. तो आप्पांच्या हातात होता. मी तीन वर्षं पुणे-अहमदाबाद करत होते आणि ते पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना विचारावं असं मला सुचलंच नाही, याची लाज अजून वाटते.

त्या संक्रांतीला भाचा नवी बाराबंदी घालून गेला. बारा बंद, टिचबटण एकही नाही. निघताना दादानेच बांधून दिले, आणि आप्पा खुर्चीतून क्रम सांगत होते. संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला मी गर्दीत मागे उभी होते. मुलाचे हात वर गेले तेव्हा माझं लक्ष अक्षतांकडे नव्हतं, त्याच्या काखेकडे होतं. चौबगला उलगडला, शिवण ताणली नाही.

आप्पा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या बोलण्याचं टिपण, तारीख घालून, मी मूळ बाराबंदीबरोबर ट्रंकेत ठेवलं आहे. पहिलं, चुकलेलं टिपणही खोडलेलं नाही. ते त्याच्याखालीच आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी जुनी बाराबंदी असेल, तर तिची काख आतून एकदा जरूर पाहावी. आणि ती घातलेलं माणूस घरात असेल, तर आधी त्याला विचारावं.