शल्लूमच्या मुली आणि परळच्या खानावळवाल्या

आज थोडं लांबून सुरुवात करतोय, पण फिरून येणार आहोत ते आपल्या डिलाईल रोडवरच. ना. म. जोशी मार्ग म्हटलं तरी चालेल, आमच्या तोंडात अजून जुनंच नाव बसलंय.

लोअर परळहून सातरस्त्याकडे चालत गेलं की आग्रीपाड्याच्या बाजूला बेने इस्राएल लोकांचं प्रार्थनामंदिर लागतं. हे आपले मराठी बोलणारे ज्यू. कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आडनावं दिवेकर, पेणकर, अष्टमकर. त्यांच्यात मराठी कीर्तनंही व्हायची. बुवा उभे राहून धर्मग्रंथातल्या गोष्टी सांगायचे, अगदी आपल्याकडे सांगतात तशा. त्याच ग्रंथात नहेम्याचं एक पुस्तक आहे. आमच्या गटाने ते या महिन्यात मिळून वाचलं. धर्माचा अभ्यास करावा म्हणून नव्हे, तर त्यात एक भिंत बांधली जाते आणि बांधणाऱ्यांना लोक हसतात, एवढं कळलं म्हणून.

गोष्ट इ.स.पूर्व 445 च्या सुमाराची. यरुशलेमचा तट बाबिलोनच्या फौजेने पाडला, त्याला तोवर सुमारे 140 वर्षं झाली होती. नहेम्या हा इराणच्या राजाच्या पदरी प्याला भरून देणारा सेवक. राजाची परवानगी काढून तो गावी आला. आल्या आल्या सभा भरवली नाही. रात्री चारदोन माणसं घेऊन गुपचूप तटाभोवती फिरला, कुठे किती ढासळलंय ते पाहिलं आणि मग लोकांशी बोलला. हे आम्हाला आवडलं. पुनर्विकासाच्या सभा पुष्कळ पाहिल्यात आम्ही. आधी चाळ फिरून बघणारा क्वचितच भेटतो.

मग ज्याने त्याने आपापल्या घरासमोरचा तुकडा उचलला. सोनार आले, अत्तरं बनवणारे आले. त्या लांबलचक यादीत एका ओळीत शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे आणि सोबत त्याच्या मुलींचा. त्यांनीही तट बांधला. नावं दिलेली नाहीत, किती होत्या तेही नाही. पण यादीत आहेत.

हसणारे लगेच जमले. सनबल्लट, तोबीया, गेशेम, सगळी आसपासची वजनदार माणसं. ही दुबळी माणसं काय बांधणार, जळक्या ढिगाऱ्यातले दगड काय जिवंत करणार, असं सनबल्लट चारचौघांत बोलला. तोबीया म्हणाला, या भिंतीवर कोल्हा चढला तरी पडेल. टिंगलीने काम थांबेना, तेव्हा धमक्या सुरू झाल्या. मग निम्मे लोक भाले घेऊन पहाऱ्याला आणि निम्मे बांधकामाला, अशी वाटणी झाली. ओझं वाहणाऱ्यांच्या एका हातात काम आणि दुसऱ्यात हत्यार असायचं. बोलणी करायला ये म्हणून विरोधकांनी नहेम्याला चार वेळा निरोप धाडला. काम सोडून यायला वेळ नाही, हे एकच उत्तर चारही वेळा गेलं. त्याला घाबरवणाऱ्यांत नोवद्या नावाची एक बाई संदेष्टीही होती. म्हणजे बायका सगळ्या एकाच बाजूला असतात असं कुणी समजू नये!

पण आम्ही थबकलो ते पाचव्या अध्यायापाशी. बाहेरचे हसताहेत, भिंत अर्धी झालीय आणि आतूनच आरडाओरडा उठतो. माणसं आणि त्यांच्या बायका तक्रार घेऊन येतात. तक्रार शत्रूची नाही, आपल्याच भाऊबंदांची. धान्यासाठी शेतं, मळे, घरं गहाण पडलीत. राजाचा सारा भरायला कर्ज काढलंय. मुलं गुलामीत जाताहेत, काही मुली तर गेल्याही. नहेम्या सावकारांना बोलावतो, शेतं परत करा आणि घेतलेलं व्याजही परत करा म्हणतो. आपण आणि आपल्या माणसांनीही पैसे उसने दिलेत, हे तो कबूल करतो.

हे वाचताना आमच्यातल्या दोघीतिघी गप्प झाल्या. त्यांच्या सासवा खानावळ चालवायच्या.

नव्या मुलींसाठी सांगतो. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत वीसवीस राहायचे. बायकामुलं गावी. त्यांना दोन वेळचं जेवण घालायची चाळीतली एखादी बाई. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाणी उधार देईल तर देईल, नाहीतर सावकार. एकेकाळी गिरण्यांतच शंभरात वीसेक कामगार बायका होत्या. पुढे त्यांची खाती कमी झाली, बायका घरी बसल्या, आणि बसल्या म्हणजे चुलीपाशी उभ्या राहिल्या. गिरणी त्यांच्यावर चालायची, पण हजेरीबुकात त्या नव्हत्या.

1974 चा 42 दिवसांचा संप झाला तेव्हा पगार बंद, खानावळ मात्र चालूच. संपकऱ्याला उपाशी कोण ठेवणार? संप मिटला, पण बायकांच्या डोक्यावरचं व्याज मिटलं नाही. कुणाचं मंगळसूत्र गेलं, कुणाची भांडी. प्रेमा पुरव तेव्हा कामगार चळवळीत होत्या. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या बाई. संपात मोर्चाला येणाऱ्या या बायकांचं देणं कुणाच्या मागण्यांच्या यादीत नाही, हे त्यांनी पाहिलं. 1969 मध्ये बँका सरकारी झाल्या होत्या, गरिबाला कर्ज द्यायचं धोरण कागदावर होतं. पण बाईकडे तारण नाही, पगाराची पावती नाही, बरेचदा सहीच्या जागी अंगठा. पोळ्या लाटणं हा धंदा आहे, हेच आधी पटवावं लागलं.

1975 मध्ये चौदाजणींना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी 1500 रुपये मिळाले. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. एकमेकींसाठी जामीन राहायचं, हप्ता चुकवायचा नाही. पुढे चौदाच्या हजारो झाल्या. 2002 मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. त्या पहिल्या चौदाजणींना मात्र आम्ही चौदाजणी म्हणूनच ओळखतो, शल्लूमच्या मुलींसारखं.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा खाणारेच गावी परतले. गिरण्या पुन्हा तशा उभ्या राहिल्या नाहीत. फिनिक्स मिलचा मॉल झाला. चिमण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि त्यांत जेवणाचा डबा लागणारी नवी माणसं आली.

आमच्या गटाचा डबा त्याच इमारतींत जायचा. 2020 च्या मार्चमध्ये तो एका दिवसात बंद झाला. घर चालवायला आमच्यातल्या काहींनी दारावर येणाऱ्या खाजगी वित्तवाल्याचं कर्ज घेतलं, आणि त्याचा वसुलीवाला अजून सकाळी सातला चाळीत उभा असतो. यंदा आम्ही पुन्हा चूल पेटवली, 30 डब्यांनी. जिन्यात उभं राहून कुणी म्हणालं, आता मोबाइलवर बोट ठेवलं की बिर्याणी येते, तुमची भाजीपोळी कोण खाणार. हसणारा परका नव्हता, शेजारचाच दादा. कोल्हा चढला तरी पडेल, असं त्यावर आमच्यातली एक म्हणाली आणि आम्हीच हसत सुटलो. त्याला काही कळलं नाही.

चेष्टेचं सोडा. खरं अडलंय ते पाचव्या अध्यायातलंच. ज्यांच्यावर जुनं कर्ज आहे त्यांना नव्या हिशेबात घ्यायचं की नाही, यावर आमच्यात भांडण झालं, अगदी जोराचं. काहीजणी म्हणाल्या, त्यांच्या हप्त्यात आपला डबा बुडेल. प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी गटाच्या बचतीतून आधी तिघींचं देणं फेडायचं ठरलं, मतं सात विरुद्ध चार. त्या चौघी अजून नाराज आहेत, पण कणीक मळायला येतात.

यरुशलेमचा तट 52 दिवसांत पुरा झाला. त्या यादीत तकोवा नावाच्या गावाची नोंद आहे. तिथल्या बड्या मंडळींनी कामाला खांदा लावला नाही, असं स्पष्ट लिहून ठेवलंय. थोडं पुढे वाचलं की तकोवाची साधी माणसं पुन्हा दिसतात, आणखी एक तुकडा बांधताना.

आमचा दुसरा हप्ता येत्या सोमवारी आहे. डबे आता 44 झालेत.