कॉम्प्युटर सुरू होत नाही, नेट चालत नाही? तालुक्याला नेण्याआधी या क्रमाने तपासा

पीक विम्याची मुदत संपायला दोन दिवस उरलेले. सेवा केंद्रासमोर सकाळपासून रांग, प्रत्येकाच्या हातात सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक. नेमका त्याच दिवशी कॉम्प्युटर बटण दाबूनही हूं की चूं करत नाही. कधी तो सुरू होतो, पण नेट लागत नाही. मग ठरलेले उत्तर मिळते, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." पुष्कळदा सर्व्हर व्यवस्थित चालू असतो आणि टेबलाखालची वायर निघालेली असते.

सेवा केंद्र, ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, कुठेही कॉम्प्युटर बंद पडला की गावाचे काम अडते. दुरुस्तीवाला तालुक्याहून येईपर्यंत दिवस जातो. घाईत "मदरबोर्ड गेला" असे गृहीत धरून मोठा खर्चही होतो. खरा बिघाड मात्र अनेकदा सैल प्लग, धूळ, संपलेला सेल किंवा तुटलेला जॅक एवढाच असतो. म्हणून आधी स्वस्त गोष्टी तपासाव्यात, महाग गोष्टींकडे नंतर वळावे.

तपासणीचे तीन नियम

पहिला नियम, बाहेरून आत जावे. भिंतीतला बोर्ड, मग वायर, मग यूपीएस आणि सगळ्यात शेवटी सीपीयूचा डबा.

दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच सुरू करून पाहावे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे चालू झाले ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच घोळ होतो.

तिसरा नियम, कोणतीही वायर काढण्याआधी मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

त्याचबरोबर काल काय झाले होते ते आठवावे. लाईट ये-जा करत होती का? टेबल हलवले? वीज कडाडली? नवीन प्रिंटर जोडला? निम्मे उत्तर तिथेच मिळते.

आधी जिवाची काळजी

डबा उघडण्यापूर्वी फक्त खटका बंद करून भागत नाही, प्लगच काढावा. त्यानंतर सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विजेचा भार कमी होतो. हात कोरडे असावेत, पायात चप्पल असावी.

सीपीयूमधला वीजपुरवठ्याचा बंद डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात धोकादायक भार राहू शकतो. यूपीएसचेही तसेच आहे. जळका वास आला किंवा धूर दिसला तर तपासणी तिथेच थांबवावी.

डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर बहुतेक वेळा बोर्डाला अर्थिंग नसते किंवा ते तुटलेले असते. त्याकडे दुर्लक्ष करू नये, वायरमनकडून अर्थिंग नीट करून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवणे तर अजिबात नको.

बटण दाबले, पण काहीच होत नाही

ज्या बोर्डात प्लग आहे तिथे मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. चार्जिंग होत नसेल तर दोष बोर्डाचा आहे. होत असेल तर वायरीचे दुसरे टोक सीपीयूच्या मागे घट्ट बसले आहे का ते पाहावे. तिथेच एसएमपीएसचा छोटा खटका असतो. झाडलोट करताना तोही बंद पडतो.

पुढे वायर तपासावी. अनेक मॉनिटरची आणि सीपीयूची पॉवर वायर सारखीच असते. दोन्ही अदलाबदल करून पाहाव्यात. सीपीयू सुरू झाला आणि मॉनिटर बंद पडला, तर दोषी वायर सापडली.

यूपीएस मध्ये असेल तर थोड्या वेळासाठी सीपीयू थेट बोर्डाला जोडून पाहावा. तसा चालला तर बिघाड यूपीएसमध्ये आहे. लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते आणि साधारण दोन-तीन वर्षांत ती दमते. लाईट जाताच कॉम्प्युटर बंद पडत असेल तर नवा यूपीएस घेण्याआधी फक्त बॅटरी बदलून भागते का ते विचारावे. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटला जोडू नये. छापताना तो एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएसवर ताण येतो.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी

मॉनिटरचा दिवा लागला आहे आणि स्क्रीनवर "सिग्नल नाही" असा संदेश येतो, याचा अर्थ मॉनिटर बहुधा ठीक आहे आणि त्याला चित्र पोहोचत नाही. दोन्ही टोकांची केबल काढून पुन्हा लावावी. सीपीयूला वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लागते.

आतून बीप-बीप आवाज येत असेल तर रॅमवर संशय घ्यावा. बीपचा अर्थ कंपनीनुसार बदलतो, पण दमट हवेने किंवा धुळीने रॅमची पट्टी नीट न टेकणे हे नेहमीचे कारण आहे. प्लग काढून डबा उघडावा, पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा उघडून पट्टी सरळ वर काढावी. तिचे सोनेरी दात शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरने हलके पुसावेत आणि रबराचा भुगा झटकावा. मग खाच जुळवून क्लिप "टक" करून बसेपर्यंत पट्टी दाबावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, म्हणजे खराब कोणती ते कळते.

तारीख चुकली की पोर्टल उघडत नाही

हा बिघाड हमखास चकवतो. कॉम्प्युटर सुरू होतो, नेटही असते, पण सरकारी पोर्टल किंवा बँकेचे पान "कनेक्शन सुरक्षित नाही" असे सांगून अडते. अशा वेळी कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती काही वर्षे मागे गेलेली असेल तर कारण मिळाले. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ठरावीक तारखांदरम्यानच वैध असते. कॉम्प्युटरची तारीख त्याबाहेर गेली की ब्राउझर पान अडवतो.

तारीख-वेळ बरोबर करताच काम सुरू होते. रोज सकाळी ती पुन्हा चुकत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. बहुतेक कॉम्प्युटरमध्ये तो सीआर २०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही स्वस्तात मिळतो. प्लग काढून, जुना सेल कोणत्या बाजूने बसला आहे ते पाहून नवा लावावा.

आपोआप बंद होतो, फार हळू चालतो

अर्ध्या तासाने कॉम्प्युटर आपोआप बंद होत असेल तर तो तापतो आहे का ते पाहावे. रस्त्याची धूळ आणि मळणीचा भुसा पंख्याच्या पात्यांत आणि जाळीत बसतो. कोरड्या मऊ ब्रशने तो काढावा. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. सीपीयू भिंतीला चिकटून किंवा थेट जमिनीवर ठेवू नये. उंदीर, मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात, म्हणून मागच्या रिकाम्या फटी झाकणपट्टीने बंद ठेवाव्यात.

हार्ड डिस्कमधून "टक-टक" आवाज येऊ लागला तर सगळी कामे बाजूला ठेवून आधी माहितीची दुसरी प्रत काढावी. बंद-चालू करत बसल्याने नुकसान वाढते. बिघडलेली डिस्क बदलता येते, पण त्यातली पतसंस्थेची खाती, शाळेचे दाखले आणि दुधाचा हिशेब बाजारात विकत मिळत नाही. अशी माहिती नेहमी दोन ठिकाणी ठेवावी आणि त्यातले एक ठिकाण कॉम्प्युटरच्या बाहेर असावे.

अंगठ्याचे मशीन ओळख घेत नाही

म्हाताऱ्या माणसाला "अंगठा उमटत नाही" म्हणून परत पाठवण्याआधी मशीन तपासावे. मशीनची वायर सीपीयूच्या मागच्या यूएसबी पोर्टला थेट लावावी, कारण पुढची पोर्ट आणि स्वस्त हब सैल असतात. काच कोरड्या मऊ कापडाने पुसावी. मशीनची आरडी सेवा चालू आहे का पाहावे आणि कॉम्प्युटर एकदा रिस्टार्ट करावा. दुसऱ्या माणसाचा अंगठा उमटत असेल तर मशीन ठीक आहे. शेतकामाने झिजलेल्या हातांसाठी दुसरे बोट वापरून पाहावे. जिथे सोय आहे तिथे डोळ्यांची ओळख किंवा ओटीपीचा मार्ग घ्यावा.

नेट गेले: दोष कोणाचा?

मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून कॉम्प्युटर त्याला जोडावा. वायफाय नसेल तर मोबाईल यूएसबी वायरने जोडून नेट देता येते. त्यावर पोर्टल उघडले तर कॉम्प्युटर ठीक आहे, दोष लाईनचा. बाकी सगळे उघडते आणि एकच पोर्टल मोबाईलवरही उघडत नाही, तेव्हाच "सर्व्हर डाऊन" म्हणावे.

दोष लाईनचा निघाला तर फायबरच्या डब्यावरचे दिवे पाहावेत. "पॉन" दिवा स्थिर हिरवा असेल तर लाईन येते आहे. "लॉस" दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोहोचत नाही, म्हणजे फायबर तुटली, निघाली किंवा जास्त वाकली आहे. हे घरी दुरुस्त होत नाही, तक्रार नोंदवावी. फायबरचे टोक काढून डोळ्यासमोर धरू नये. त्यातला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो. टोकाला बोटही लावू नये, कारण बोटाच्या तेलकट डागानेही सिग्नल कमी होतो.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे ती "भारतनेट" नावाने ओळखली जाऊ लागली. ही केबल रस्त्याकडेने जाते, त्यामुळे जेसीबीच्या एका खोऱ्यात गावाचे नेट जाऊ शकते. पाइपलाइन खोदण्यापूर्वी कळवण्यासाठी "कॉल बिफोर यू डिग" हे सरकारी अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये सुरू झाले आहे.

दिवे हिरवे असूनही नेट नसेल तर सगळे बंद करून क्रमाने सुरू करावे. आधी फायबरचा डबा, दोन मिनिटांनी राउटर, मग कॉम्प्युटर. तरीही अडले तर कॉम्प्युटरचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. अशा वेळी मधली वायर किंवा राउटर तपासावा.

लॅन वायर आणि जॅक

वायर लावल्यावर पोर्टजवळचा बारीक दिवा लागला पाहिजे. लागत नसेल तर चांगली चालणारी दुसरी वायर लावून पाहावी. जॅकची प्लास्टिकची क्लिप तुटलेली असेल तर तो हळूहळू बाहेर सरकतो आणि नेट ये-जा करते. त्यावर चिकटपट्टी तात्पुरती चालते, नवा जॅक लावणे हाच खरा उपाय.

आरजे-४५ जॅक लावताना क्लिप मागे आणि वायर खालून येईल असा धरावा. मग डावीकडून रंगांचा क्रम असा:

१. पांढरा-नारिंगी
२. नारिंगी
३. पांढरा-हिरवा
४. निळा
५. पांढरा-निळा
६. हिरवा
७. पांढरा-तपकिरी
८. तपकिरी

दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवावा. जोड्यांचा पीळ जॅकजवळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये आणि बाहेरचे आवरण जॅकच्या आत दाबले गेले पाहिजे, नाहीतर ओढ बसताच तारा निघतात. लावून झाल्यावर टेस्टरचे आठही दिवे दोन्ही बाजूंना ओळीने लागले पाहिजेत. १०० एमबीपीएस वेगाला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. त्यामुळे नेट चालते पण वेग शंभराच्या वर जात नाही, तेव्हा उरलेल्या चारपैकी एखादी तार तुटलेली असू शकते.

तांब्याची लॅन वायर १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये. ती विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नये आणि उंदीर कुरतडतात तिथे पीव्हीसी पाइपातून न्यावी. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची वायर ओढणे टाळावे. आसपास वीज पडली तर त्याच वायरीतून दोन्हीकडची मशिनरी जळू शकते, तिथे फायबर टाकावी. ढगांचा गडगडाट सुरू होण्याआधीच पॉवरच्या प्लगबरोबर लॅनची वायरही काढावी. अनेकजण फक्त खटका बंद करतात आणि राउटर गमावतात.

दुरुस्तीवाल्याला काय सांगावे

एवढे करूनही चालले नाही तर फोन करावा, पण "चालत नाही" एवढेच सांगू नये. कोणता दिवा लागतो, बीप किती वाजतात, काय काय बदलून पाहिले ते सांगावे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर छोटा व्हिडिओ पाठवावा. म्हणजे तो योग्य भाग घेऊन निघतो आणि दुसरी खेप वाचते. भाग बदलला तर जुना भाग मागून घ्यावा, बिल घ्यावे, वॉरंटी लिहून घ्यावी.

केंद्राच्या ड्रॉवरमध्ये एक जादा पॉवर वायर, एक जॅक लावलेली लॅन वायर, एक सेल, खोडरबर आणि ब्रश ठेवावा. नेटच्या तक्रारीचा नंबर आणि ग्राहक क्रमांक कागदावर लिहून भिंतीला चिकटवावा. तो फक्त कॉम्प्युटरमध्ये ठेवला तर नेमका लागतो तेव्हा सापडत नाही.