पारखीची कुळकथा

वाशीच्या एखाद्या पेढीत जुनी पाटली मोडायला नेली, की ती आधी यंत्रात जाते. क्ष-किरण धातूवर पडतात आणि थोड्याच वेळात पडद्यावर सोने, चांदी, तांबे यांची टक्केवारी उमटते. या यंत्राचे कूळ शोधत मागे गेले, तर आपण एका दगडापाशी पोचतो. पारख करणारा कोणाच्या बाजूचा, हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कसोटीच्या दगडांची प्रतवारी दिली आहे. कलिंगातला किंवा तापीचा, मुगाच्या रंगाचा दगड उत्तम. म्हणजे आपल्या खानदेशातून वाहणाऱ्या नदीचा दगड तेव्हा नावाजलेला होता. त्यापुढचे निरीक्षण तर फारच मार्मिक. हत्तीच्या कातडीसारखा, हिरवट झाकेचा दगड सोन्याचा रंग खुलवतो, म्हणून तो विकणाऱ्याच्या हिताचा. खरखरीत, विषम रंगाचा दगड रंग खुलवत नाही, म्हणून तो घेणाऱ्याच्या हिताचा. रंग आहे तसा दाखवणारा दगड दोघांच्याही हिताचा. नखात गेरू लपवून कस फसवणाऱ्यांची नोंदही तिथे आहे. दगडसुद्धा बाजू घेतो, हे ज्याने ओळखले त्याला माणसाची वेगळी खात्री द्यावी लागली नसेल.

कस लावायची रीत साधी. दागिना दगडावर घासायचा, शेजारी ठरावीक कसाच्या सुईची रेघ ओढायची, तेजाब लावायचे आणि दोन्ही रेघांचा रंग ताडून पाहायचा. अशा सुयांनी कस ठरवण्याची पद्धत ऐन-ए-अकबरीत ‘बनवारी’ या नावाने तपशिलात सांगितली आहे. पण रेघ फक्त वरच्या थराचे बोलते. जाड मुलामा तिला फसवतो. गोठात भरलेली लाख तिला दिसत नाही. क्ष-किरणांचे यंत्रही पृष्ठभागापलीकडे फारसे पोचत नाही.

आतले सांगते ती आग. नमुना काटेकोर तोलून, त्यात चांदी घालून, शिशात गुंडाळून भट्टीत तापवतात. शिसे हलक्या धातूंना सोबत घेऊन सच्छिद्र मुशीत जिरते. उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक आम्लात विरघळते आणि मागे निव्वळ सोने राहते. ते पुन्हा तोलले, की हजारात किती भाग सोने ते कळते. 22 कॅरटच्या दागिन्यावरचा 916 हा आकडा याच हिशेबाचा.

पारख दुकानाबाहेर नेण्याचे एक मोठे पाऊल इंग्लंडमध्ये पडले. 1300 च्या कायद्याने कसाला उतरलेल्या जिनसेवर बिबट्याच्या मुखाचा शिक्का आला आणि 1478 पासून लंडनच्या सोनारांना माल आपल्या श्रेणीच्या सभागृहात तपासायला न्यावा लागू लागला.

आपल्याकडे 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने नव्या दागिन्यांना 14 कॅरटची मर्यादा घातली आणि असंख्य सोनारांच्या हातचे काम गेले. ती मर्यादा 1966 मध्ये उठली, पण सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हायला 1990 उजाडले. भारतीय मानक ब्युरोचे हॉलमार्किंग 2000 मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाले, जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी हा ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हा क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला, की त्या दागिन्याची नोंद कोणालाही पाहता येते.

हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, दागिन्याची किंमत सांगत नाही. नवी मुंबईतल्या आगरी-कोळी घरांत पिढ्यांचे सोने आहे. त्याची वाटणी, विमा, कर्ज किंवा विक्रीवरचा कर आला, की मूल्यांकनकार लागतो. 1957 च्या संपत्ती कर कायद्याच्या कलम 34 एबीखाली मूल्यांकनकारांची नोंदणी होत आली आहे. 2015 च्या अर्थसंकल्पाने तो कर उठवला, तरी ही नोंदणी उपयोगाची राहिली. कारण 1 एप्रिल 2001 पूर्वीचा दागिना विकताना भांडवली नफ्यासाठी त्या तारखेचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो.

मूल्यांकनकार निवडताना नोंदणी पाहावी. हिरे-माणके असतील, तर त्याने रत्नशास्त्राचे शिक्षण घेतले आहे का, हे विचारावे. फी कामावर ठरलेली असावी, दागिन्याच्या किमतीच्या टक्क्यांत नको. टक्केवारीत आकडा फुगवण्याचा मोह असतो. वजन आणि तपासणी आपल्यासमोर व्हावी. सोनेतारण कर्जासाठी तर रिझर्व्ह बँकेनेच 2025 च्या निर्देशांत कर्जदाराची उपस्थिती आवश्यक ठरवली आहे. अहवालात एकूण आणि निव्वळ वजन, कस, खडे, तारीख व मूल्यांकनाचा हेतू लिहिलेला हवा. हेतू बदलला की आकडा बदलतो: विम्याला तसाच दागिना पुन्हा घडवण्याचा खर्च लागतो, तर कर्जाला केवळ सोन्याचे मोल.

पण या साऱ्याच्या आधी एक प्रश्न विचारावा: “हा दागिना विकायचा ठरवला, तर तुम्ही घ्याल का?” उत्तर ‘हो’ आले, तर तो माणूस तुमचा गिऱ्हाईक आहे. पारखीसाठी दुसऱ्याकडे जावे.