वेस्ट एंड वॉच कंपनी
स्विस घड्याळांच्या व्यापारासाठी मुंबईत १८८६ मध्ये सुरू झालेली कंपनी. नाव लंडनच्या उच्चभ्रू भागाचे, माल स्वित्झर्लंडमधील सेंट इमिएचा आणि गिऱ्हाईक हिंदुस्थानातले, असा हा तिहेरी मामला होता. धूळ, दमट हवा व धक्के सोसणारे घड्याळ म्हणून त्याचा खप सैनिकांत विशेष होता.

‘सोवार प्राइमा’ हे तिचे गाजलेले मनगटी घड्याळ. त्यात १९३४ मध्ये इन्काब्लॉक ही धक्कारोधक योजना आली : तोलचक्राच्या आसाला आधार देणारे खडे स्प्रिंगवर बसवल्याने घड्याळ पडले तरी आसाचे नाजूक टोक सहसा मोडत नाही.

स्वातंत्र्योत्तर आयातनिर्बंधांनी परदेशी घड्याळांची वाट अरुंद केली. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने देशी उत्पादन सुरू केले (पहा : एचएमटी, टायटन, फाव्र-लुबा).