रणगाडे अडवणारे ठोकळे

दक्षिण इंग्लंडमधील नद्यांच्या आणि कालव्यांच्या काठी, झुडपांत दडलेले काँक्रीटचे मोठे ठोकळे आजही आढळतात. ते ना घराचा पाया आहेत, ना पुलाचा खांब. मग ते तिथे आले कसे?

जून १९४० च्या सुरुवातीस ब्रिटिश सैन्य डंकर्कहून मायदेशी परतले. पण फ्रान्सला नेलेले बहुतेक रणगाडे आणि तोफा मागेच राहिल्या. जर्मन सैन्य समुद्र ओलांडून येईल अशी धास्ती होती. तेव्हा लंडन आणि औद्योगिक शहरांच्या रक्षणासाठी जनरल आयर्नसाइड यांनी किनाऱ्यापासून आत अडथळ्यांची एक रांग आखली. वेळ थोडा होता. म्हणून नद्या, कालवे आणि रेल्वेचे भराव यांनाच तटबंदी मानण्यात आले. केनेट-एव्हन कालवा हा त्यांपैकीच एक. जिथे असा अडथळा नव्हता, तिथे खंदक खणले किंवा ठोकळे ओतले.

मोठ्या घनाकृती ठोकळ्याची बाजू साधारण दीड मीटर, म्हणजे घनफळ सुमारे ३.४ घनमीटर. एक घनमीटर काँक्रीटचे वजन २.४ टन धरल्यास एक ठोकळा ८ टनांचा होतो! मात्र वजनाइतकेच महत्त्व उंचीला आहे. ठोकळ्यावर चढू पाहणाऱ्या रणगाड्याचे तोंड वर उचलले जाते, पट्ट्यांची जमिनीवरील पकड सुटते आणि पोटाचे पातळ चिलखत उघडे पडते. ठोकळा रणगाडा फोडत नाही, फक्त खोळंबवतो. पुढचे काम तोफेचे. म्हणूनच ठोकळ्यांच्या आसपास जंग्या ठेवलेली काँक्रीटची चौकी असण्याचा संभव असतो.

जुलै १९४० मध्ये आयर्नसाइड यांच्या जागी ॲलन ब्रुक आले. त्यांचा भर स्थिर रांगांपेक्षा हालत्या सैन्यावर होता. पुढे आक्रमण झालेच नाही आणि रांगेची परीक्षा राहून गेली.

१९९५ ते २००२ या काळात ‘डिफेन्स ऑफ ब्रिटन’ प्रकल्पातील सुमारे ६०० स्वयंसेवकांनी युद्धकालीन बांधकामाची जवळजवळ २०,००० ठिकाणे नोंदवली. ही नोंद का हवी? एकटा ठोकळा म्हणजे नुसता राडारोडा. नदी, भराव, ठोकळा आणि चौकी नकाशावर जोडून पाहिली, तरच १९४० चा बेत वाचता येतो. त्यातला एक दुवा नोंद न होता नाहीसा झाला, तर उरलेल्यांचाही अर्थ हरवतो.