मोडक्या नळीची साक्ष

जुन्या वस्तूंच्या संग्राहकाचें मन स्वभावतःच अखंड आणि नक्षीदार वस्तूकडे ओढ घेतें. तुर्कस्तानांत एस्किशेहिर येथें निघणाऱ्या शुभ्र मेरशॉममध्यें कोरलेला पाइप त्याच्या कपाटांत मानाचें स्थान मिळवितो. इंग्लंडांत जागोजाग सांपडणारा पांढऱ्या मातीचा मोडका पाइप त्याला टाकाऊ वाटतो. परंतु काळ ठरवावयाचा झाल्यास या टाकाऊ तुकड्याचीच साक्ष अधिक मोलाची ठरते. मेरशॉमचा पाइप बापाकडून मुलाकडे जातो. मातीचा पाइप मात्र अल्पावधींत फुटे आणि फेकला जाई. त्यामुळें तो जेथें पडला, तेथील काळ त्याच्या जन्मकाळाच्या अगदीं जवळचा असतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत तंबाखू फार महाग होती. म्हणून पाइपाची वाटी अगदीं चिमुकली असे. पुढें असले पाइप जमिनींत सांपडूं लागले, तेव्हां लोकांनीं त्यांस ‘पऱ्यांचे पाइप’ असें नांव दिलें! पहिल्या जेम्स राजानें १६०४ सालीं पुस्तिका लिहून या व्यसनाचा धिक्कार केला; आणि त्यानेंच १६१९ सालीं वेस्टमिन्स्टरच्या पाइप-कारागिरांच्या मंडळास सनद दिली. व्हर्जिनियाची तंबाखू मुबलक येऊं लागली, भाव उतरले आणि वाटी मोठी होत गेली.

वाटीबरोबर नळीहि बदलली. ओल्या मातींत तार घालून तिचें छिद्र पाडीत. नळी जसजशी लांब झाली, तसतशी तार बारीक घ्यावी लागली. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनीं १९५४ सालीं या छिद्रांचीं मापें प्रसिद्ध केलीं. इंचाचे चौसष्ट भाग कल्पिले, तर १६२० ते १६५० या काळांत आठ भागांचें छिद्र अधिक आढळतें; १७५० नंतरच्या अर्धशतकांत तें चार भागांवर येतें.

एकटीदुकटी नळी फसवूं शकते. एकाच जागीं सांपडलेल्या पुष्कळ नळ्यांची सरासरी सहसा फसवीत नाहीं. म्हणून सुबक वाटी तेवढी उचलून नळ्या फेकणारा, स्थळाची नोंद न ठेवणारा संग्राहक नकळत साक्षीदाराचें तोंडच बंद करितो. लंडनमध्यें थेम्सच्या कांठीं असे तुकडे शोधावयास आज बंदर-प्राधिकरणाचा परवाना लागतो, तो याच जाणिवेमुळें योग्य ठरतो. तुकडा कपाटांत कधींहि ठेवतां येतो. तो कोठें पडला होता, हें मात्र उचलतांनाच लिहून ठेवावें लागतें.